कागद नवऱ्याच्याच हाती

ज्यू धर्मात घटस्फोट पूर्वीपासून आहे, हे वाचून मला कौतुकच वाटलं होतं. पण तो देतो कोण? तोरा या मूळ धर्मग्रंथात एवढंच आहे की, नवऱ्यानं काडीमोडाचा कागद लिहून बायकोच्या हाती द्यावा. तेवढ्यावरून रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ‘गिट्टिन’ हे अख्खं प्रकरण रचलं. ते इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात आहे. पुढे तालमुदमध्ये त्यावर चर्चाच चर्चा. बाईला तिच्या मर्जीविरुद्धही सोडता येतं, पुरुषाला मात्र नाही, हेही मिश्नातलंच. नवऱ्यानं कागद अडवला की ती ‘अगुना’, म्हणजे अडकलेली. दुसरं लग्न करता येत नाही.

नियम बदलत नाहीत म्हणावं, तर नवरा बेपत्ता झालेल्या बाईसाठी याच रब्बींनी दोन साक्षीदारांची अट सैल केली. तो मेल्याची साक्ष एकट्या बाईनं दिली तरी चालवून घेतली! इ. स. १०००च्या सुमारास जर्मनीतल्या रब्बी गेर्शोम यांच्या नावानं नियम झाला : बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट दिल्यास बहिष्कार. मग अडकलेल्या बाईपाशीच शास्त्र का थबकतं?

इस्रायलमध्ये १९५३च्या कायद्यानं ज्यूंचे विवाह-घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेले. कोकणातून तिथे स्थायिक झालेल्या आपल्या बेने इस्रायली भगिनींनाही तेच लागू. १९९५च्या कायद्यानं अडवणूक करणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात टाकता येतं; तरी कागद त्यानंच द्यायचा. तालमुद शिकलेल्या बायका आता तिथे अशिलांची बाजू मांडतात. न्यायासनावर अजून एकही बसलेली नाही.