पेशी किती आल्या?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणाच्या घरी तापाचा पेशंट असला, की सलाम-दुआनंतर पुढचा प्रश्न ठरलेला, "पेशी किती आल्या?" बरेच जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. डेंग्यूत आपण रोज ज्यांचा आकडा विचारतो त्या प्लेटलेट, त्या वेगळ्या.

हाडांच्या मगजात मोठ्या पेशी असतात, त्यांचे तुटलेले बारीक तुकडे म्हणजे प्लेटलेट. आयुष्य आठ-दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. विळीवर बोट कापलं, की नसेच्या फाटलेल्या कडेला त्या चिकटतात, काटेरी होतात आणि रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावतात. असा बोळा बसतो. वर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली गेली, की रक्त पक्कं थांबतं.

आकडा पन्नास हजारांवर आला की घरात रडारड आणि पिशवीसाठी धावपळ. पण रक्तस्राव नसेल तर डॉक्टर साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्यावरच पिशवीचा विचार करतात. खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरताना असतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं आणि बीपी पडतं. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, सुस्ती, लघवी कमी, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका. सीपीआर किंवा जवळचा दवाखाना गाठा.

अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन मनाने देऊ नका. त्या गोळ्या प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. अब्बांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

आणि हिजामा. सुन्नत म्हणून करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण कातडीला चिरे पाडायचे आणि रक्त थांबवणारेच अपुरे, हे तापात नको. बरे झाल्यावर, रिपोर्ट बघून करा. पपईच्या पानांच्या कडू रसाने आधीच उलट्या करणारं पोर आणखी उलट्या करतं. त्यापेक्षा पेज, ओआरएस घोट-घोट द्या.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळाला पाणी येईल न येईल म्हणून मोरीत भरून ठेवलेला वुजूचा पिंप आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.