करुणेची मुदत

हिंसेची छायाचित्रे वारंवार पाहून मन बोथट होते, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. सुसान सोंटॅग यांनी १९७७ साली ते आग्रहाने मांडले. २००३ साली त्यांनीच त्याविषयी शंका व्यक्त केली. आपली व्याख्याने अद्याप पहिल्याच विधानावर चालतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला भावना मोजता येत नाहीत. दिलेला पैसा मोजता येतो. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर एका सीरियन बालकाचा मृतदेह वाहून आला. अंगात लाल सदरा, पायांत बूट, तोंड वाळूत. ते छायाचित्र जगभर गेले. तोपर्यंत सीरियातील युद्धात सुमारे अडीच लाख माणसे मेल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता; त्या आकड्याने फारशी कोणाची झोप मोडली नव्हती. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ सालीच हे हेरले होते. एका मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक पैशांचा पाऊस पाडतात. करवसुलीअभावी रुग्णालये ढासळून जे उद्या मरतील, त्यांच्यासाठी कोणी डोळे टिपत नाही.

पॉल स्लोव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनच्या रेड क्रॉसकडे निर्वासितांसाठी आलेल्या देणग्यांचा हिशेब तपासून २०१७ साली प्रसिद्ध केला. छायाचित्रानंतरच्या आठवड्यात रोजच्या देणग्यांची संख्या आधीच्या शंभरपटीहून अधिक झाली. दीडेक महिन्यात ओघ ओसरला. 'पाहा, लोक विसरले,' असे म्हणणाऱ्यांनी त्याच हिशेबातील दुसरी नोंद वाचलेली दिसत नाही. दरमहा ठराविक रक्कम देण्याचे मान्य करणारे त्या महिन्यात सुमारे दसपटीने वाढले, आणि पुढील काही महिन्यांत त्यांपैकी जवळजवळ कोणीही अंग काढून घेतले नाही. मन त्यांचेही निवळलेच असणार! परंतु ते हेलावलेले असताना त्यांच्यापुढे अर्ज होता. त्यावर सही झाली आणि पुढचे काम बँकेने केले.

तेव्हा प्रश्न प्रेक्षकाच्या निबरपणाचा नाही, त्या घटकेला त्याच्या हाती काय दिले जाते याचा आहे. छायाचित्र छापावे की नाही यावर संपादक तासन्‌तास वाद घालतात; त्याखाली मदतनिधीचा पत्ता छापण्याची आठवण क्वचितच होते. भ्रमणध्वनीवर तर त्या चित्राखाली लगेच विनोद येतो.

सरकारांच्या करुणेला असा मासिक अर्ज नसतो. त्याच स्वीडनने १२ नोव्हेंबर २०१५ रोजी निर्वासितांचा ओघ रोखण्यासाठी सीमेवर तपासणी सुरू केली. छायाचित्र प्रसिद्ध होऊन तेव्हा दहा आठवडे झाले होते.