ओला कचरा मैल्याच्या टाकीतच जावा

"असले प्रकल्प आपल्याकडे चालत नाहीत." ओल्या कचऱ्याच्या गॅसचा विषय निघाला की पुण्यात हे ऐकावं लागतंच, आणि ते निराधार नाही. प्रभागांत उभारलेल्या पाच-पाच टनांच्या बायोगॅस प्रकल्पांपैकी अनेक बंद पडले, काही अर्धपोटी चालले. पण म्हणून ओल्या कचऱ्याचा नादच सोडावा, हे मला मुळीच मान्य नाही. त्या प्रकल्पांचा घात एकटेपणाने केला.

नुसतं शिळं अन्न टाकीत गेलं की आधी त्याचं आम्ल होतं. मिथेन करणारे जीवाणू सावकाश वाढतात, आणि आम्लता चढली की सर्वांत आधी तेच गारद होतात. त्यात लग्नसराईत कचरा उतू जातो, चातुर्मासात आटतो. हे सांभाळायला ठेकेदाराचा एखादा माणूस. तपासणीला प्रयोगशाळा नाही. याउलट, गाळ कुजवण्याची टाकी असलेल्या मैलाशुद्धीकरण केंद्रात ३५ ते ३७ अंशांची ऊब राखलेली असते, तिन्ही पाळ्यांत माणसं असतात, केमिस्ट असतो. गाळाचा खंड पडत नाही, आणि आम्ल शमवणारा क्षार त्यात असतोच. गाळातून गॅस मात्र बेताचाच निघतो, कारण त्यातलं बरंचसं सत्त्व आपल्या पोटातच खर्ची पडलेलं असतं. अन्नात ते शाबूत असतं. तेवढ्याच कोरड्या वजनाला सुमारे तिप्पट मिथेन मिळू शकतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या केंद्राने हेच केलं. फळं डबाबंद करणारे कारखाने गेले, टाक्यांत जागा उरली. तिथे हॉटेलांचं वाया गेलेलं अन्न आलं. २०१२ मध्ये ते स्वतःच्या गरजेहून जास्त वीज करणारं उत्तर अमेरिकेतलं पहिलं मैलाशुद्धीकरण केंद्र ठरलं. ती अमेरिका झाली, असं कुणी म्हणेल. मग नाशिकला पाहा. विल्होळीला २०१७ मध्ये, जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्याने, हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करणारा, रोज ३० टनांचा प्रकल्प सुरू झाला. ते मैलाशुद्धीकरण केंद्र नव्हे, पण जोडी तीच.

अन्न आणि मैला एकत्र म्हटलं की काहींना शिसारी येते. त्यांना मी देहूचं नाव सांगतो. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी जे काम केलं, त्यातून प्रेरणा घेऊन डॉ. मापुसकरांनी देहूत संडासाला जोडलेले गॅस प्रकल्प उभे केले. तुकोबांच्या गावातल्या घरांत त्या गॅसवर स्वयंपाक झाला. डॉक्टरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. शहरी गाळात कारखान्यांचे जड धातू येतात, तेव्हा त्यात मिसळलेल्या अन्नाचं स्वच्छ खत हातचं जातं. म्हणूनच ज्या सोसायट्या आवारात खत करतात, त्यांच्या बादलीला कुणी हात लावू नये. मी बोलतोय ते हॉटेलं, मंगल कार्यालयं, भाजी मंडया यांच्याबद्दल. आज यांचा कचरा डेपोवर सडतो आणि त्याचा मिथेन थेट हवेत जातो. हा कचरा घंटागाडीत इतर कचऱ्यात मिसळू न देता वेगळ्या गाडीने न्यावा, चमचे-प्लॅस्टिक काढून, वाटून, टाकीत सोडावा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये वाटून गटारात ढकलणं हा मार्ग नव्हे; त्यातल्या तेलातुपाने नळ तुंबतात.

टाकीच नसलेल्या केंद्रांत ती बांधावी लागेल, आणि तो खर्च मोठा आहे. म्हणून नवं केंद्र बांधतानाच सोय ठेवावी. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड अशी सात केंद्रं नव्याने बांधायला घेतली आहेत. एकूण क्षमता रोज २४६४ दशलक्ष लिटर. त्यांच्या नकाशात ओला कचरा उतरवायला एक धक्का, एक वाटण यंत्र आणि टाकीपर्यंत एक नळ, एवढी जागा सोडा. भिंती उभ्या राहिल्यावर ती मिळणार नाही.