हॉल एक, कामं अनेक

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीत चूकभूल द्यावी घ्यावी. पण मुद्दा सरळ आहे. ओव्हरले ही जुनी गोष्ट आपण प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावी.

आपला मेसचा हॉलच घ्या. सकाळी नाश्ता, संध्याकाळी टीटी, परीक्षेच्या दिवसांत रात्री रीडिंग रूम. हॉल एकच, फक्त सामान बदलतं. ओव्हरले म्हणजे हेच. प्रोग्रॅमचे जे भाग एकाच वेळी लागत नाहीत, ते मेमरीतल्या एकाच जागी आळीपाळीने आणायचे. कोणता भाग कुठल्या गटात, हे लिंकरला एका फाईलमध्ये लिहून द्यायचं. डॉसच्या ६४० केबीत मोठमोठे प्रोग्रॅम असेच बसवायचे. १९९२ च्या मायक्रोसॉफ्ट सी ७ मध्ये त्यासाठी डेफिनिशन फाईल होती. जीएनयू लिंकरच्या स्क्रिप्टमध्ये तर 'ओव्हरले' ही कमांड आजही आहे.

आमच्या मिनी प्रोजेक्टला ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅमची एसटीएम३२ चिप होती. फ्लॅश भरली. म्हणून मेन्यू आणि कॅलिब्रेशन हे दोन भाग बाहेरच्या फ्लॅशमध्ये ठेवले आणि रॅममधल्या ४ केबीत आळीपाळीने आणायचे ठरवले. लिंक झालं, एकही वॉर्निंग नाही. पण कॅलिब्रेशन सुरू केलं की बोर्ड हँग! दोन रात्री गेल्या. शेवटी माझ्या रूम पार्टनरने कागदावर बाण काढले: कोण कोणाला कॉल करतं? कॅलिब्रेशन मधेच मेन्यूतलं एक फंक्शन कॉल करत होतं. मेन्यू आला, त्याच जागेत बसला, आणि काम संपवून परत फिरला तर कॅलिब्रेशन तिथे होतंच कुठे? पत्ता तोच, घरात माणसं दुसरी!

हा लिंकर फक्त पत्ते ठरवतो. भाग आणणं आणि कोण कोणाला हुसकावतंय ते बघणं आपल्याकडे. ते फंक्शन कायम जागेवर राहणाऱ्या भागात हलवलं आणि बोर्ड चालला.

यावर मित्र म्हणतात, "एवढा त्रास कशाला? मोठी चिप घ्यायची!" कबूल. विकायची वस्तू असती तर मीही तेच केलं असतं. पण मग आमच्या कोडमधले हे नको ते लागेबांधे आम्हाला कधीच दिसले नसते. प्रोग्रॅम चालला असता आणि आम्ही स्वतःला हुशार समजलो असतो.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती: एक प्रॅक्टिकल ठेवा. दोन फंक्शन्स, जागा एकच, आणि मुद्दाम घातलेला एक चुकीचा कॉल. डीबगर नंतर द्या, आधी कागद-पेन्सिल द्या. बोर्ड हँग झाला तरी मार्क कापू नका. का झाला, ते मात्र नक्की विचारा.