हंगामाची पहिली शर्यत दहा किलोमीटरचीच हवी

हैदराबादच्या धावपटूंचा हंगाम उन्हाळा सरता सरता सुरू होतो. हैदराबाद मॅरेथॉन ऑगस्टच्या अखेरीस असते, मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. त्यामुळे चिक्कडपल्ली, अशोकनगर, दोमलगुडा भागातल्या धावण्याच्या गटांची पहिली शर्यत जूनमध्येच येते. ती २१ किलोमीटरची, म्हणजे अर्धमॅरेथॉन, ठेवण्याचा मोह आयोजकांना होतो. तो त्यांनी आवरावा.

जूनच्या पहिल्या रविवारपासून मॅरेथॉनपर्यंत जेमतेम बारा आठवडे मिळतात. अर्धमॅरेथॉन जोर लावून पळाल्यावर पाय पूर्ववत व्हायला दहा-बारा दिवस सहज जातात, म्हणजे सरावाचा मोठा वाटा पहिल्याच फेरीत खर्ची पडतो. शिवाय हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे आणि कंडरा यांना महिने लागतात. दम टिकतोय म्हणून अंतर वाढवले जाते आणि नडगी दुखायला लागते. नव्या धावपटूंचे सराव बहुधा इथेच सुटतात, आणि हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

१० किलोमीटरच्या शर्यतीतून तीन-चार दिवसांत सावरता येते आणि तिच्यावरून पुढचा अंदाजही बांधता येतो. अमेरिकी अभियंता पीटर रीगल यांच्या सूत्रानुसार १० किलोमीटरला एक तास लागत असेल, तर अर्धमॅरेथॉनला सुमारे २ तास १२ मिनिटे आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४ तास ३६ मिनिटे लागतील. लाँग रन पुरेसे झाले नसतील तर मॅरेथॉनचा आकडा याहून बराच वाढतो, हे मात्र नवख्यांना आधीच सांगायला हवे.

अंतर नेमके मोजलेले नसेल, तर या हिशेबाला अर्थ उरत नाही. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नये. इंदिरा पार्क ते व्हीएसटी या पोलादी पुलाखालून पळताना त्याला उपग्रहांचा माग नीट लागत नाही. अधिकृत शर्यतींचे मार्ग चाकाला गणकयंत्र लावलेल्या सायकलने मोजतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. थोडी मेहनत घेतली तर ही पद्धत कोणत्याही गटाला जमेल.

निकाल वाचताना हवा विसरून चालत नाही. जूनमध्ये पहाटेही हवा दमट असते, घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. अशा हवेला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणूनच जूनचे टायमिंग गेल्या जानेवारीपेक्षा दोन-तीन मिनिटांनी मागे पडले, तर त्याला घसरण म्हणणे अन्यायाचे आहे. सहा आठवड्यांनी त्याच वेगाला नाडी कमी पडू लागली, तर प्रगती झाली असे खुशाल समजावे. गटांनी क्रमांकांची यादी लावण्यापेक्षा प्रत्येकाच्या आधीच्या आणि आताच्या वेळा शेजारीशेजारी लावाव्यात. मागे पळणाऱ्याला त्यातूनच सराव चालू ठेवण्याचे बळ मिळते.

जागा कोणती, हाही प्रश्न आहे. हैदराबाद मॅरेथॉनचा नेकलेस रोड ते गच्चीबावली मार्ग उड्डाणपुलांच्या चढांचा आहे. चढांचा सराव वेगळा करावा, चाचणी सपाट रस्त्यावर घ्यावी. चिक्कडपल्लीला सर्वांत जवळचा सपाट रस्ता टँक बंड. २०२१ मध्ये याच रस्त्यावर रविवारी संध्याकाळी वाहने बंद ठेवून ‘संडे फनडे’ भरवला गेला. संध्याकाळच्या रहदारीत जे साधले, ते पहाटे पाच ते साडेसातच्या दरम्यान अवघड नाही. वाहतूक पोलीस आणि महापालिकेने जूनमधला एक रविवार आणि नोव्हेंबरमधला एक रविवार एवढी मुभा द्यावी, म्हणजे मुंबईला जाण्याआधी तेच अंतर त्याच रस्त्यावर पुन्हा पळून पाहता येईल.

— एक वाचक, चिक्कडपल्ली, हैदराबाद