बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?

मागच्या महिन्यात चिंगदाओच्या एका मित्राची मेल आली. जानेवारीत तो कामासाठी पुण्याला येतोय आणि नंतर तीन दिवस मोकळे आहेत. "तुझ्या गावाकडची बघण्यासारखी ठिकाणं कळव," एवढंच लिहिलं होतं. झालं, आमची विकेट पडली!

याला थोडी पार्श्वभूमी आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी मी चीनच्या शानडोंग प्रांतात होतो, तेव्हा या पठ्ठ्याने माझे सगळे वीकांत ताब्यात घेतले होते. कन्फ्यूशियसचं गाव चुफू दाखवलं. थाईशान डोंगराच्या हजारो पायऱ्या चढवल्या. चिंगदाओत १९०३ साली निघालेला बिअरचा कारखाना, त्याचं संग्रहालय, तेही दाखवलं. थाईशानवर माझा जीव घशाशी आलेला, आणि हा मधेमधे थांबून दगडांवर कोरलेलं काहीबाही वाचून दाखवतोय. मला अक्षर कळत नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून वाटत होतं, हा डोंगर बहुतेक याच्या आजोबांनीच रचलाय.

आता परतफेडीची वेळ आमच्यावर.

मी वाढलो दीपनगरात. भुसावळजवळची औष्णिक वीज केंद्राची वसाहत. तिथे सगळेच बाहेरून आलेले. सुट्टी लागली की जो तो आपापल्या 'गावाला' जायचा, आणि एलटीसी मिळाली की महाबळेश्वर नाहीतर थेट कन्याकुमारी. म्हणजे जिथे अठरा वर्षं राहिलो ते आमचं गाव नव्हतंच कधी, ते फक्त पोस्टिंग होतं. तिथे काय बघायचं असतं!

अण्णांना (माझे वडील, निवृत्तीनंतर भुसावळातच घर बांधून राहिले) फोन लावला. "अण्णा, पाहुण्याला काय दाखवू?"

"अरे, इथे काय ठेवलंय? अजिंठा दाखव आणि दे परत पाठवून. आपल्याकडे काय, ऊन आणि केळी!"

मंडळी, माझं म्हणणं असं की हे उत्तर फक्त अण्णांचं नाही, ते आपल्या अख्ख्या खानदेशाचं आहे. आणि आपण त्याला विनम्रपणा समजतो. तो विनम्रपणा नाही. आपण बघितलेलंच नाही, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

अजिंठा दाखवावाच, वाद नाही. लेणी आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण स्टेशन सोयीचं जळगावचं, तिथून साठेक किलोमीटर. (सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. नाहीतर फर्दापूरला चहा पिऊन परत.) पण 'जळगाव म्हणजे अजिंठ्याला जायचं स्टेशन' एवढ्यावर आपण समाधान मानतो, ते मला खटकतं. पाहुणा आपल्या जिल्ह्यात झोपायला येतो आणि बघायला शेजारच्या जिल्ह्यात जातो!

मग ठरवलं की सॉफ्टवेअरवाल्यांच्या रीतीप्रमाणे आधी ड्राय रन करायचा. दोन वीकांत भुसावळला गेलो, गाडी काढली आणि अण्णांना शेजारी बसवलं. ते कुरकुरतच बसले.

पहिला धक्का भुसावळातच बसला. मेजर रॉबर्ट गिल, ज्याने १८४४ नंतर कितीतरी वर्षं अजिंठ्यात राहून तिथली चित्रं कॅनव्हासवर उतरवली, आणि ज्याची बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तो माणूस १८७९ साली वारला आणि पुरला गेला भुसावळात. गिल आणि पारोवर महानोरांचं 'अजिंठा' काव्य आहे, त्यावर २०१२ साली सिनेमा निघाला. मी तो पुण्यात तिकीट काढून बघितला. पण गिलची कबर माझ्या वसाहतीपासून अर्ध्या तासावर, हे मला चाळिशीनंतर कळलं.

तिथून हतनूर. तापीवरचं धरण, एकेचाळीस दरवाजे. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि पक्षीवाले लोक दुर्बिणी घेऊन पहाटे येऊन बसतात. इथे अण्णांची कळी पहिल्यांदा खुलली. "हेच पाणी आपल्या प्लांटला यायचं. हे नसतं तर बॉयलर बंद!" मग वाफ, टर्बाइन, कूलिंग टॉवर असं तासभर लेक्चर झालं. इतकी वर्षं कंट्रोल रूममध्ये घालवलेला माणूस. मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. वरच्या अंगाला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. जवळच मुक्ताईचं स्थान. चौदाशे वर्षांचा योगी आणि त्याची कोवळ्या वयाची गुरू, ही गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही.

दुसऱ्या वीकांताला चाळीसगाव. गावापासून अठराएक किलोमीटरवर गौताळ्याच्या जंगलात पाटणादेवी. आम्ही गेलो ते देवीसाठी नाही, एका शिलालेखासाठी. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने (हा वेगळा, संगमावरचा योगी नव्हे), आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा हा १२०७ च्या सुमाराचा लेख. बराचसा संस्कृतात, पण शेवटचा तुकडा त्या काळच्या मराठीत. आणि त्यात काय आहे? मठाचा खर्च चालवण्यासाठी बाजारावर बसवलेली पट्टी. त्यात प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेलसुद्धा!

विचार करा. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी तेली आपल्या घाण्यातलं पळीभर तेल देत होता, कशासाठी, तर गणित शिकवलं जावं म्हणून. मी रोज गणितावर पोट भरतो. 'लीलावती'चं नाव शाळेत घोकलं. पण हे आपल्या जिल्ह्यात आहे, हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. आमची सहल दर वर्षी त्याच एका बागेत जायची.

चाळीसगावातच स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. टेबलावर छोटी दृश्यं रचून त्यांचे फोटो काढणारा हा जगन्मान्य कलावंत. जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही, १९८९ साली तिथेच गेला. एका न आलेल्या मैत्रिणीची तो रोज गाडीच्या वेळेला वाट बघायचा, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण गाड्यांचे आवाज ऐकत त्या गावात उभं राहिलं की ते पटतं.

आणि अमळनेर. साने गुरुजींची शाळा, १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, हे तर आहेच. पण आमच्या धंद्यातल्या लोकांनी तिथे वेगळ्या कारणाने जावं. १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी इथे निघाली. तिच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांचं पुढे झालं विप्रो. पाटणला तेलातून गणित, अमळनेरला तेलातून सॉफ्टवेअर! चिंगदाओचा मित्र मला बिअरचा कारखाना अभिमानाने दाखवतो, आणि मी पुण्यात इतकी वर्षं विप्रोवाल्यांच्या शेजारी जेवतोय, पण "तुमची कंपनी आमच्याकडची हो" असं एकदाही म्हटलं नाही.

तर मुद्दा असा. ठिकाणं कमी-जास्त नसतात, दाखवणारा कमी पडतो. थाईशानवरची अक्षरं मला कळली नाहीत तरी तो डोंगर आजही आठवतो, कारण कोणीतरी थांबून वाचून दाखवली होती. आपल्याकडे फलक नाहीत, रस्ता खराब आहे, सरकार काही करत नाही, हे सगळं आपण तावातावाने बोलतो. ते बोलावंच. पण आपल्या जिल्ह्याचा पहिला पर्यटक आपण व्हायला कोणाची मंजुरी लागते? आपणच "काही नाही इथे" म्हटलं तर पाहुणा आणि सरकार दोघंही तेच म्हणणार.

असो. मित्राला यादी पाठवली. अजिंठा एक दिवस, हतनूर-चांगदेव एक, चाळीसगाव एक. अमळनेर राहिलं, ते पुढच्या वेळी. यादीत मुद्दाम एक संध्याकाळ शेतातली लिहिली आहे: काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी. त्याला किती तिखट चालतं ते विचारायचं राहिलंय :)

अण्णांना यादी वाचून दाखवली. ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हतनूरला मी येतो. तुला टर्बाइनचं नीट सांगता येणार नाही."

तुम्हीही या. डिसेंबर-जानेवारीत या. मे महिन्यात आलात तर जबाबदारी आमची नाही.