‘घरातल्या कुणाला तरी पाठवून द्या’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचं कार्यालय आहे. खाली बोळात माझी मोटारसायकल उभी असते. १९९९ सालची, शंभर सीसीची. आधी बाबांनी चालवली, मग भावानं. भावानं चारचाकी घेतली तेव्हा ती माझ्याकडे आली. (घरातल्या वस्तू मुलींकडे याच क्रमानं येतात, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.) पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी केलेली आहे, पीयूसी वेळच्या वेळी काढलेलं आहे. आठवड्यातून दोनदा मी तिच्यावरून खडकवासला, खानापूर, पाबे घाट करत वेल्ह्याकडच्या गावांत जाते. तिथे आमचे बायकांचे गट आहेत. एसटीच्या वेळांवर अवलंबून राहिले तर त्या भागात दिवसाला एकच बैठक होईल.

जुलैपासून गाडीचा पिकअप गेला. पेठेतून निघताना काही जाणवायचं नाही. सिंहगड रस्त्याला गर्दीत तर कुणाचीच गाडी पळत नाही. पण खानापूर मागे टाकून घाटाची चढण लागली की गाडी उचलच घेईना. रेस वाढवली की आणखीच मरगळायची, आचके द्यायची आणि शेवटी बंद पडायची. रस्त्याकडेला दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

एक दिवस घाटात असे तीन थांबे झाले. वर एका गावाच्या एसटी थांब्यावर एक बाई दोन लेकरं घेऊन माझी वाट पाहत होती. नवरा कामावर गेल्यावर घरातून निघायचं, मी तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे न्यायचं, असं ठरलेलं होतं. मी दीड तास उशिरा पोचले. ती घरी परत गेली होती. पुढचं तिचं तिनं निभावलं, ती हकीकत तिची आहे, मी इथे सांगत नाही. पण त्या रिकाम्या थांब्यावर उभं राहून मला जे वाटलं, त्यातून हा लेख आला आहे.

तोपर्यंत गॅरेजच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत मेकॅनिकनं गाडीवर टांग टाकली, ओंकारेश्वरापर्यंत चक्कर मारून तो परत आला आणि म्हणाला, ‘‘गाडी झकास आहे. मॅडम, तुम्ही गिअर लवकर टाकता.’’ मी घाटाचं सांगायला लागले, तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या फेरीत प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले. घाटात पुन्हा तेच. घाटातल्या त्या दिवसानंतर तिसऱ्यांदा गेले तेव्हा निदान झालं की इंजिन बसलंय, बोअर-पिस्टन करावं लागेल. खर्च विचारला तर उत्तर मिळालं, ‘‘घरातल्या कुणाला तरी पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.’’

मी चौतीस वर्षांची आहे. बाबा आता जिना चढत नाहीत आणि भाऊ बाणेरला राहतो. माझ्याकडे एम.एस.डब्ल्यू.ची पदवी आहे आणि बोलायची मला सवय आहे. तरी त्या क्षणी मी ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर पडले. का म्हणाले? कारण बोअर-पिस्टन म्हणजे काय, ते कशावरून ठरवतात, हे मला ठाऊक नव्हतं. ‘नाही’ म्हणायलाही काहीतरी माहीत असावं लागतं.

उलगडा केला आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी वीस वर्षं लूना चालवली. सगळं ऐकून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘सुरुवातीला ठीक आणि मग मरते?’’ हो. ‘‘थांबलीस की पुन्हा चालते?’’ हो. मग म्हणाल्या, ‘‘टाकीचं झाकण उघडून बघ.’’ आम्ही खाली बोळात गेलो. गाडी सुरू केली आणि घाटाचं काम बोळात व्हावं म्हणून बराच वेळ रेस देत ठेवली. गुरगुर मंदावायला लागल्यावर झाकण उघडलं. फुस्स असा आवाज करत हवा आत शिरली. गाडी सुधारली.

टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार बारीक होत जाते. सपाटीवर तेवढं पुरतं. चढावर इंजिनाची भूक वाढते तेव्हा पुरत नाही. थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा दोन किलोमीटर जाते. बोळातून ओंकारेश्वरापर्यंतच्या चक्करमध्ये हे कसं कळणार? आणि छिद्र बुजवलं कुणी? मीच. टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावली होती, सगळेच लावतात तशी. तेव्हा दोष माझाच होता. तो मेकॅनिकवर ढकलण्यासाठी मी लिहीत नाही. त्यानं मला हे कधी होतं हा एक प्रश्न विचारला असता, तर माझं उत्तर त्याला झाकणापर्यंत घेऊन गेलं असतं. पण दुखणं सांगणारी बाई असली की तिचं सांगणं हीच तक्रार समजायची, हे आपण दवाखान्यात पाहतो, पोलीस चौकीत पाहतो. गॅरेजमध्येही तेच. आम्ही समुपदेशनात आधी विचारायला शिकतो की हे कधीपासून, कशानंतर, रोज की अधूनमधून. मोटारसायकलची केस हिस्टरीही तशीच घ्यायची असते, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या ज्येष्ठ मैत्रिणीला कुठून आलं हे? लूनामुळे. कायनेटिकची लूना १९७२ साली आली आणि पुण्यातल्या किती तरी शिक्षिका, परिचारिका, कारकून बायका तिच्यावर बसून घराबाहेर पडल्या. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी वाटेत रुसायची. म्हणून त्यांच्या पर्समध्ये प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जास्तीचा प्लग असायचा. साडीचा पदर खोचून त्या रस्त्याकडेला प्लग काढायच्या, घासायच्या, लावायच्या. ‘‘आम्हाला हौस नव्हती गं, इलाज नव्हता,’’ असं त्या म्हणतात. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू. बायकांची फार मोठी सोय झाली, हे मी मनापासून म्हणते. पण गाड्या जसजशा शहाण्या झाल्या तसतशा आपण त्यांच्या बाबतीत अडाणी होत गेलो. माझ्या पिढीला गाडी मिळाली, पाना मिळाला नाही.

त्यानंतर दोन महिने मी दर रविवारी शिकले. त्यातलं कामाचं तेवढं सांगते, कारण ‘पिकअप नाही’ ही तक्रार जुन्या गाडीवरच्या प्रत्येकीची असते.

पहिलं म्हणजे कान. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं असेल तर ताकद तयार होते आहे, चाकापर्यंत पोचत नाही. मग संशय क्लचवर. क्लचची केबल फार ताणलेली असली तरी प्लेटा घसरतात, तेव्हा आधी लिव्हरला थोडी ढील आहे का पाहायची, प्लेटा बदलायचं नंतर. आवाजही चढत नाही आणि वेगही नाही, तर मग हवा, पेट्रोल, ठिणगी यांतलं काही तरी कमी पडतं आहे. किंवा गाडीला कुणी मागे ओढतंय. हे शेवटचं आपण विसरतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. अडत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन फार घट्ट आहे. टायरमध्ये हवा कमी असली तरी हेच होतं. याला एक पैसा लागत नाही.

मग चोक. तो अर्धवट ओढलेला राहिला तर गाडी काळा धूर टाकते, पेट्रोल पिते आणि पळत नाही. मग एअर फिल्टर, जो आपल्या रस्त्यांवरच्या धुळीनं कायम भरलेला असतो. त्यानंतर प्लग, आणि प्लग म्हणजे गाडीची जीभ. टोक विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट असेल तर उलट, पेट्रोल कमी पोचतंय. तसं रेटत राहिलं तर इंजिन तापतं. ऑइलनं ओला असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, किक मारताना पायाला विरोधच जाणवत नसेल, तर आणि तेव्हाच बोअर-पिस्टनची गोष्ट काढायची. माझा जुना प्लग मी जपून ठेवला होता. त्याचं टोक पांढरट होतं. पेट्रोलचा उपास त्यानं लिहूनच ठेवला होता, वाचणारं कुणी नव्हतं.

आणखी एक नवी भानगड आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते ओल धरतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. कार्बोरेटरला हे ओळखून मिश्रण बदलता येत नाही. म्हणून जुनी गाडी महिनाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या, भारत स्टेज सहाच्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं आहे. तिथे आपल्याला फारसं उघडता येत नाही.

हे सगळं मी आमच्या मासिक बैठकीत मांडलं तेव्हा वाद झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, ‘‘ताई, आपण काय सगळंच शिकायचं का? स्वयंपाक, नोकरी, कायदा, आणि आता गॅरेज? पुरुषांना तरी कुठे येतं?’’ बरोबर आहे. माझ्या भावाला प्लग कुठे असतो हे माहीत नाही. पण त्याला कुणी ‘बायकोला पाठवून द्या’ म्हणत नाही. तो अज्ञानासकट गिऱ्हाईक असतो. दुसरी म्हणाली, मेकॅनिक काही सत्ताधारी नव्हे, तोही घाम गाळणारा माणूस आहे. हेही खरं. हातावरची ही विद्या उस्तादाकडून पोऱ्याकडे जाते, आणि तो पोऱ्या बरेचदा शाळेत असायला हवा अशा वयाचा असतो. त्या शोषणात मुलींना वाटा मागायचा नाही. पण दाराशी सायकलची चेन पडली की मुलाला ‘बघ रे’ आणि मुलीला ‘हात काळे होतील’ हे अजून ऐकू येतंच. बायकांच्या हाताला हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी चाकणला जावं. बजाज ऑटोची डॉमिनार मोटारसायकल २०१६ मध्ये तिथल्या बायकांच्या जुळणी-लाइनवरून बाहेर पडली. म्हणजे गाडी बनवायला बाई चालते, दुरुस्तीचं बोलायला मात्र घरातला कुणी तरी लागतो!

माझी खरी तक्रार आपल्याच चळवळीशी आहे. आम्ही शिबिरांत २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकवतो. ४९८-अ चा आशय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत गेला, तेही तत्परतेनं फळ्यावर लिहिलं. ‘बाईचा संचार’ या विषयावर आम्ही गटचर्चा घेतो. पण त्या चर्चेला येणारी कार्यकर्ती संध्याकाळी घाटात अडकली तर तिनं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच पुस्तिकेत नाही. ते तपशिलाचं, पुरुषांकडे सोपवायचं काम, असं आम्हीही नकळत धरून चाललो. वेल्ह्याच्या थांब्यावरच्या त्या बाईला माझ्याकडून त्या दिवशी कायदा नको होता. मी वेळेवर पोचायला हवी होते.

गॅरेजमध्ये मी पुन्हा गेले, प्लास्टिकची पिशवी घेऊनच. मेकॅनिकनं ती बघितली, जरा हसला. म्हणाला, ‘‘अहो, पावसात सगळेच लावतात. पण सुईनं भोक पाडायचं असतं.’’ मग थोडं थांबून त्यानं विचारलं, ‘‘कुणी शोधलं?’’ मी सांगितलं. ‘‘लूनावाल्या बाई का?’’ तो म्हणाला, आणि टॅपेट कसे सेट करतात हे त्या दिवशी त्यानं मला न मागता दाखवलं. पैसे घेतले, पण नेमके.

या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला वाड्याच्या चौकात आम्ही गाड्या उघडून बसणार आहोत. लूनावाल्या बाई असतील. येताना जुनं फडकं आणि प्लगचा पाना आणा. पाना नसेल तर नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून घ्या, आणि गाडीचं मॉडेल सांगून घ्या, कारण प्लगचे आकार वेगळे असतात. कार्बोरेटरची गाडी असेल तर तीच आणा. बंद पडली असेल तर ढकलत आणा, बोळाच्या तोंडाशी आम्ही हात लावू.